जुन्या मोटारीला ‘शिकणारे’ फ्युएल इंजेक्शन : कोणते, कोणाला आणि किती उपयोगाचे?

बोरी (जि. परभणी) : परभणीहून जिंतूरकडे जाताना बोरी हे मोठे गाव लागते. मे महिन्यात या भागातील पारा ४२ अंशांच्या वर जातो. अशा दुपारी कार्बोरेटरवर चालणारी एखादी जुनी मोटार रस्त्याकडेला दहा-पंधरा मिनिटे उभी केली, की ती पुन्हा सुरू होताना हमखास त्रास देते. सेल्फ मारत राहावे, बॉनेट उघडे ठेवावे, पेट्रोल पंपावर ओले फडके टाकावे आणि वाट पाहावी, हा जुन्या गाड्यांच्या मालकांचा परिचयाचा अनुभव आहे. डिसेंबरच्या पहाटे तीच गाडी चोक ओढल्याशिवाय दाद देत नाही.

नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत राहणाऱ्या अनेकांच्या गावाकडच्या घरी वडिलांच्या काळातील मारुती ८००, जिप्सी, अ‍ॅम्बेसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी आजही उभी असते. ती विकवत नाही आणि नीट चालतही नाही. त्यातच गेल्या काही वर्षांत पंपावरचे पेट्रोल बदलले आहे. अशा मालकांना अलीकडे एका नव्या उपायाची भुरळ पडू लागली आहे. कार्बोरेटर काढून त्या जागी ‘स्वतः शिकणारी’ फ्युएल इंजेक्शन यंत्रणा बसवायची, की ट्युनिंगची कटकट संपली, असे या उपायाचे सांगणे असते. मात्र या यंत्रणेचा खर्च लाखाच्या घरात जातो आणि जुन्या गाडीची बाजारातील किंमत अनेकदा तेवढीही नसते. म्हणूनच ही यंत्रणा नेमके काय करते, काय करू शकत नाही आणि आपल्याकडच्या गाड्यांना कोणता प्रकार लागू पडतो, हे खरेदीपूर्वी समजून घेणे आवश्यक आहे.

कार्बोरेटरची मर्यादा

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाच्या हिशेबात एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखण्याचे काम कार्बोरेटर केवळ हवेच्या ओढीवर करतो. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथे दाब कमी होतो आणि जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाते. रचना साधी, दुरुस्ती सोपी आणि वीज जवळजवळ नको, हे या यंत्राचे मोठे गुण होत.

मात्र कार्बोरेटरला हवेचे तापमान कळत नाही, दाब कळत नाही आणि पेट्रोलचा प्रकारही कळत नाही. उन्हाळ्यात हवा विरळ होते, पण जेट तेच राहते आणि मिश्रणात पेट्रोल जास्त होते. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळपास १५ टक्के कमी असतो. मुंबईत व्यवस्थित जुळवलेली गाडी तेथे काळा धूर सोडू लागते, त्याचे कारण हेच. वर्षानुवर्षांच्या वापराने जेट, सुई आणि थ्रॉटलचा दांडा झिजला, की बिघाडात आणखी भर पडते.

भारतातील मोटारींतून कार्बोरेटर हद्दपार झाला तो प्रदूषणाच्या नियमांमुळे. एप्रिल २००० पासून देशभर ‘भारत २०००’ निकष लागू झाले आणि त्यानंतर महानगरांत टप्प्याटप्प्याने भारत स्टेज-२ आले. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ला २००० मध्ये एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र इंजेक्टर असलेली यंत्रणा मिळाली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी पद्मिनी मात्र अखेरपर्यंत कार्बोरेटरवरच राहिली. मुंबईतील शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ अखेर वीस वर्षांची मुदत संपल्यावर निरोप घेतला. खासगी मालकांकडील पद्मिनी मात्र अजून आहेत आणि प्रश्न त्यांचाच आहे.

‘शिकते’ म्हणजे काय?

फ्युएल इंजेक्शनमध्ये पेट्रोल किती सोडायचे हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. इंजिनाचे फेरे, मॅनिफोल्डमधील दाब, आत येणाऱ्या हवेचे तापमान, इंजिनाचे तापमान आणि अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे, ही माहिती त्याला सेन्सरकडून मिळते. ईसीयूच्या स्मृतीत एक तक्ता असतो. उदाहरणार्थ, आडव्या बाजूला फेऱ्यांचे १६ टप्पे आणि उभ्या बाजूला भाराचे १६ टप्पे धरले, तर २५६ चौकोन होतात. प्रत्येक चौकोनात त्या स्थितीत लागणाऱ्या इंधनाचा अंदाज लिहिलेला असतो.

कंपनीतून बाहेर पडणाऱ्या गाडीसाठी हा तक्ता अभियंते अनेक महिने चाचण्या घेऊन तयार करतात. बाजारात सुटी मिळणारी यंत्रणा कोणत्या इंजिनावर बसणार, हे मात्र तयार करणाऱ्याला ठाऊक नसते. त्यामुळे ती ढोबळ तक्ता घेऊन येते आणि तो स्वतः दुरुस्त करते. यासाठी सायलेन्सरच्या नळीत ‘वाइडबँड’ प्रकारचा ऑक्सिजन सेन्सर बसवतात. जळालेल्या धुरात किती ऑक्सिजन उरला, यावरून मिश्रणात पेट्रोल कमी पडले की जास्त झाले, हे तो सांगतो. १९७६ मध्ये व्हॉल्वोच्या गाड्यांवर पहिल्यांदा आलेला ऑक्सिजन सेन्सर फक्त ‘कमी’ किंवा ‘जास्त’ एवढेच सांगू शकत असे. वाइडबँड सेन्सर किती कमी आणि किती जास्त, हेही मोजून सांगतो. स्वयंशिक्षणाचा सारा पाया हाच आहे.

दुरुस्ती दोन पातळ्यांवर होते. पहिली तत्क्षणी होणारी. मिश्रण पाच टक्के विरळ दिसले, की ईसीयू त्याच क्षणी तेवढे पेट्रोल वाढवतो. दुसरी कायमची. तीच चूक त्याच चौकोनात पुन्हा पुन्हा दिसली, की तक्त्यातील मूळ आकडाच तो बदलून ठेवतो. या दुसऱ्या क्रियेला ‘शिकणे’ म्हणतात. गावातून, महामार्गावरून, चढावर अशी सर्व प्रकारे काही तास गाडी चालवली, की बहुतेक चौकोन भरतात.

यंत्रणा काय शिकत नाही?

जाहिरातीत हा भाग सहसा लहान अक्षरांत असतो. बहुतेक यंत्रणा इंजिन गरम झाल्याशिवाय शिकतच नाहीत. थंड इंजिन सुरू करताना लागणारे जादा पेट्रोल आणि अ‍ॅक्सिलरेटर अचानक दाबल्यावर द्यायचा जादा डोस, हे दोन्ही हाताने जुळवावे लागतात. ठिणगीची वेळ, म्हणजे इग्निशन टायमिंग, ऑक्सिजन सेन्सरवरून शिकता येत नाही. त्यामुळे डिसेंबरच्या पहाटेचा त्रास केवळ यंत्रणा बसवल्याने आपोआप नाहीसा होईल, असे नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा, की चुकीची माहिती मिळाली तर यंत्रणा चुकीचेच शिकते. समजा, एखादा प्लग कमकुवत आहे आणि एक सिलिंडर मिसिंग करतो आहे. त्या सिलिंडरमधील ऑक्सिजन न जळता तसाच बाहेर पडतो. सेन्सरला वाटते, मिश्रण विरळ आहे. ईसीयू पेट्रोल वाढवतो. प्लग आणखी काळा पडतो आणि मिसिंग वाढते. सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरच्या नळीला गळती असेल, तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन हाच प्रकार घडतो. थोडक्यात, नादुरुस्त इंजिन सुधारण्याचा हा मार्ग नव्हे. कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह, प्लग, पॉइंट आणि सायलेन्सर आधी ठाकठीक हवेत. तेल जाळणाऱ्या इंजिनात वाइडबँड सेन्सरही लवकर निकामी होतो.

बाजारातील प्रमुख प्रकार

स्वयंशिक्षणाच्या सुट्या यंत्रणा प्रामुख्याने अमेरिकेत विकसित झाल्या. तेथील जुन्या व्ही-८ इंजिनांच्या मालकांसाठी २००० च्या दशकाच्या अखेरीस ‘फास्ट’ कंपनीची ईझी-ईएफआय आली. पुढील दशकात फायटेक आणि होली स्नायपर यांनी किमती खाली आणल्या व हा प्रकार सर्वसामान्य छंदिष्टांपर्यंत पोहोचला. आज उपलब्ध असलेल्या पर्यायांचे ढोबळमानाने चार गट पडतात.

पहिला गट कार्बोरेटरच्या जागी बसणाऱ्या थ्रॉटल बॉडीचा. होली स्नायपर आणि फायटेक गो-ईएफआय ही याची परिचित नावे. इंजेक्टर, बहुतेक सेन्सर आणि ईसीयू हे सर्व थ्रॉटल बॉडीतच सामावलेले असते. सोबत हातात धरायचा छोटा पडदा मिळतो, त्यावर इंजिनाची क्षमता व सिलिंडरची संख्या भरली की गाडी सुरू करता येते. बसवायला हा सर्वांत सोपा गट. दोष असा, की नाजूक इलेक्ट्रॉनिक्स थेट तापलेल्या इंजिनावर बसतात. मराठवाड्यातील उन्हाळ्यात हा विचार दुय्यम ठरत नाही. शिवाय इंधन मॅनिफोल्डच्या तोंडाशीच सोडले जात असल्याने सर्व सिलिंडरना ते समान मिळेलच असे नाही. सेन्सर सरासरी पाहतो. प्रत्येक सिलिंडरचे स्वतंत्र चित्र त्याला दिसत नाही.

दुसऱ्या गटात थ्रॉटल बॉडी तशीच, पण ईसीयू वेगळा. फास्टची मूळ ईझी-ईएफआय या पद्धतीची आहे. वायरिंग वाढते, मात्र ईसीयू डॅशबोर्डखाली थंड जागी ठेवता येतो. बिघाड झाल्यास एकच भाग बदलता येतो, हाही फायदा.

तिसरा गट प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र इंजेक्टरचा. एडलब्रॉकची प्रो-फ्लो ४ यात मोडते. मॅनिफोल्डसह पूर्ण संच मिळतो, इंधनवाटप सर्वांत अचूक होते आणि टॅबलेटवरून जुळवणी करता येते. पण हे संच ठरावीक अमेरिकी व्ही-८ इंजिनांसाठीच तयार केलेले असतात. आपल्याकडील गाड्यांना ते उपयोगाचे नाहीत.

चौथा गट स्वतः जुळवायच्या ईसीयूचा. २००१ च्या सुमारास दोन अमेरिकी छंदिष्टांनी सुरू केलेला मेगास्क्वर्ट आणि त्यानंतर आलेला खुल्या आराखड्याचा स्पीडुइनो ही याची उदाहरणे. येथे ईसीयू तेवढा मिळतो. थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, सेन्सर आणि पंप आपण निवडायचे. लॅपटॉप जोडून गाडी चालवली, की सॉफ्टवेअर वाइडबँड सेन्सरच्या आधारे तक्ता सुधारत जाते. म्हणजे शिकण्याची सोय येथेही आहे, पण ती चालू-बंद करणारा आणि निकाल तपासणारा जाणकार माणूस जवळ लागतो. पैसे कमी लागतात, पण वेळ आणि अभ्यास जास्त लागतो.

किमतीचा विचार करता पहिल्या गटातील साधा संच अमेरिकेत सुमारे एक ते दीड हजार डॉलरला मिळतो. त्यावर मालवाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी धरले, तर पंप, नळ्या व मजुरी वेगळी देऊन खर्च लाखाच्या पुढे जातो.

लहान इंजिनाची अडचण

आपल्याकडील मालकांसाठी खरा कळीचा मुद्दा इंजिनाच्या आकाराचा आहे. पद्मिनीचे इंजिन १,०८९ सीसीचे आणि सुमारे ४० अश्वशक्तीचे. मारुती ८०० चे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे आणि त्याहून थोडे कमी ताकदीचे. याउलट चार बॅरलचा स्नायपर संच ६५० अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनासाठी आहे. त्यात प्रत्येकी तासाला १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो पेट्रोल सोडू शकणारे चार इंजेक्टर असतात. चारांची मिळून क्षमता झाली तासाला सुमारे १८० किलो.

चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण जोरात असतानाही तासाला साधारण नऊ किलो पेट्रोल पुरते. म्हणजे इंजेक्टर गरजेच्या वीसपट मोठे झाले. स्लोवर चालताना तर अशा इंजिनाला तासाला अर्ध्या किलोच्या आसपासच पेट्रोल लागते. एवढ्या मोठ्या इंजेक्टरला इतका बारीक थेंब अचूक सोडता येत नाही. तो उघडून बंद होण्यातच वेळ निघून जातो. परिणामी गाडी स्लोवर डचमळते आणि शिकणारी यंत्रणा प्रत्येक वेळी नवाच आकडा शिकत राहते. घागरीने चमच्यात पाणी ओतण्यासारखा हा प्रकार आहे. दोन व एक बॅरलचे लहान संचही मिळतात. पण तेही मुख्यतः मोठ्या अमेरिकी इंजिनांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले आहेत आणि आपल्या मॅनिफोल्डवर ते बसवण्यासाठी अडॅप्टर घडवावा लागतो.

म्हणून लहान भारतीय गाड्यांसाठी चौथा गट, किंवा त्याहून सरळ असा पाचवा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो. तो म्हणजे त्याच कुळातील इंजिनासाठी कंपनीने दिलेली एमपीएफआय यंत्रणा. मारुती ८०० च्या एफ८बी इंजिनावर कंपनीनेच पुढे इंजेक्शन बसवले. जिप्सीलाही पुढे एमपीएफआय मिळाले. १.८ लिटर इसुझू इंजिनाच्या अ‍ॅम्बेसिडरचीही एमपीएफआय आवृत्ती होती. कंपनीच्या ईसीयूतही मर्यादित स्वरूपाचे शिकणे असतेच. मात्र त्याचा मूळ तक्ता त्याच इंजिनावर तयार झालेला असल्याने त्याला फार शिकावे लागत नाही. मॅनिफोल्ड, इंजेक्टर, पंप, वायरिंग आणि ईसीयू असा पूर्ण संच एकाच गाडीतून घेणे इष्ट. पद्मिनीला मात्र असा घरचा पर्याय उपलब्ध नाही.

पंप, नळ्या आणि वीज

कार्बोरेटरच्या गाडीतील यांत्रिक पंप पाव बारच्या आसपास दाब देतो. थ्रॉटल बॉडीच्या या संचांना सुमारे चार बार, म्हणजे जवळपास ५८ पीएसआय लागतो. दाब सोळापट झाला, की जुनी रबरी नळी आणि तिची साधी क्लिप चालत नाही. गळती झाली तर पेट्रोल ठिबकत नाही, फवाऱ्यासारखे उडते आणि खाली तापलेला सायलेन्सर असतो. इंजेक्शनसाठीच्या दर्जाची नळी, योग्य क्लिप, टाकीकडे परतीची नळी आणि इंजिन बंद पडताच पंप तोडणारा रिले या चार बाबींवर काटकसर करणे म्हणजे आगीला निमंत्रण होय.

जुन्या टाकीत पेट्रोल हलू नये म्हणून आडवे पत्रे नसतात. टाकी निम्म्याखाली आली आणि गाडी वळणावर झुकली, की पंपात हवा शिरते. कार्बोरेटरमधील फ्लोटच्या वाटीत थोडा साठा असल्याने पूर्वी हे जाणवत नसे. त्यासाठी टाकीतच पंप किंवा मधे छोटी साठवण टाकी लागते. ज्या गाड्यांवर अजून डायनमो आहे, त्यांना आधी अल्टरनेटर बसवावा लागेल, कारण पंप, इंजेक्टर व सेन्सरचा हीटर यांना सतत स्थिर वीज हवी असते. पॉइंट-कंडेन्सरच्या इग्निशनमधून येणारा विद्युत गोंगाटही ईसीयूला फेरे मोजताना फसवू शकतो.

या साऱ्याच्या बदल्यात एक फायदा मात्र निश्चित मिळतो. पेट्रोलमधील हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. त्यामुळे तापलेल्या इंजिनावरील फ्लोटच्या वाटीत आणि पंपात वाफ धरते. तीन-चार बार दाबाखाली पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. भर दुपारी बोरीच्या रस्त्यावर थांबलेल्या गाडीचा त्रास नीट बसवलेल्या इंजेक्शनने खरोखर कमी होतो.

ई-२० आणि जुनी गाडी

फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळू लागले आणि २०२५ मध्ये देशाने सरासरी २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मिळावा, ही मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. म्हणजे जुन्या गाडीला याच इंधनावर चालावे लागणार, हे गृहीत धरायला हवे.

इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला केवळ ९ भाग, तर ई-२० ला सुमारे १३.५ भाग. म्हणजे तेवढ्याच हवेत वजनाने आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडायला हवे. जुन्या जेटचा कार्बोरेटर ते सोडत नाही. मिश्रण विरळ होते, गाडी उचल कमी घेते आणि इंजिन तापते. शिकणारी यंत्रणा हा फरक ओळखून भरून काढते. तिच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

तरीही दोन गोष्टी ती करू शकत नाही. एक म्हणजे, लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. ही घट कोणताही ईसीयू भरून काढू शकत नाही; मायलेज काही टक्के कमी होणारच. दुसरे म्हणजे, इथेनॉलने फुगणारे जुने रबर, गॅस्केट आणि पाणी धरून गंजणारी टाकी. काही जुन्या वाहनांत रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये मान्य केले आहे. हा खर्च कार्बोरेटर ठेवला काय किंवा काढला काय, टळत नाही. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बाबतीत तर तो अधिक निकडीचा आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे विनापरवाना बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सीएनजी व एलपीजीसाठी मान्यताप्राप्त संचांचा मार्ग कायद्यात आहे. परदेशातून मागवलेल्या पेट्रोल इंजेक्शन संचाला मात्र अशी मान्यता आहे असे गृहीत धरू नये. एमएच-२२ क्रमांकाच्या गाडीच्या मालकाने काम सुरू करण्यापूर्वीच परभणीच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करणे शहाणपणाचे.

पीयूसीसाठी इंजेक्शन हवेच, असेही नाही. भारत स्टेजपूर्व चारचाकी पेट्रोल वाहनांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. सुस्थितीतील कार्बोरेटर ती सहज पाळतो. दुसरीकडे, २०२१ च्या व्हिंटेज वाहन नियमांनुसार ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हीए’ मालिकेतील नोंदणी मिळते. इंजिनातील बदल यात अडसर ठरू शकतो. सत्तरच्या दशकातील पद्मिनी या उंबरठ्यावर असल्याने त्यांच्या मालकांनी कार्बोरेटर फेकून देण्याची घाई करू नये.

दुरुस्ती कोण करणार?

महानगरात यंत्रणा रुसली, तर दुसऱ्या दिवशी जाणकार शोधता येतो. बोरीसारख्या गावी गाडी बंद पडली, तर जवळचा मिस्त्री हाच आधार. कार्बोरेटर तो अर्ध्या तासात उघडून, जेटमधून हवा मारून गाडी मार्गी लावतो. इंजेक्शन त्याला अगदी अपरिचित राहिलेले नाही. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ लागू झाल्यापासून बहुतेक नव्या पेट्रोल दुचाकी इंजेक्शनवर आल्या आणि तालुक्याच्या ठिकाणच्या गॅरेजांत स्कॅनर दिसू लागला. पण तो स्कॅनर आयात केलेल्या संचाशी बोलत नाही. त्याची माहिती त्याच्याच पडद्यावर किंवा लॅपटॉपवर दिसते. सुटा सेन्सर परदेशातून येईपर्यंत गाडी उभीच राहणार. कंपनीच्या एमपीएफआय संचाचे सुटे भाग मात्र मराठवाड्यातील शहरांत मिळवता येतात. तुलनेतील हा मुद्दा कोणत्याही माहितीपत्रकात नसतो, पण गावाकडच्या गाडीसाठी तोच निर्णायक ठरतो.

निर्णयापूर्वी

सर्व बाबी पाहता पुढील क्रम व्यवहार्य ठरावा.

१. प्रथम इंजिन तपासावे : कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह, इग्निशन, सायलेन्सरची गळती. रबरी नळ्या, डायाफ्राम व गॅस्केट इथेनॉल सहन करणारे घालावेत.

२. कार्बोरेटर पूर्ण उघडून दुरुस्त करावा. सायलेन्सरच्या नळीत वाइडबँड सेन्सर व मीटर तात्पुरते बसवून मिश्रण मोजावे आणि त्यानुसार मुख्य जेट बदलावे. १०० क्रमांकाच्या जेटऐवजी १०२.५ घातले तर छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे पाच टक्क्यांनी, १०५ घातले तर दहा टक्क्यांनी वाढते. ई-२० ची तूट याच मर्यादेत असते. येथे शिकण्याचे काम माणूस करतो, एवढाच फरक. वर्षातून थोडेफार चालणाऱ्या बहुसंख्य गाड्यांचे समाधान या काही हजारांच्या कामातच होते.

३. गाडी रोज वापरायची असेल आणि ती मारुती ८००, जिप्सी किंवा इसुझू इंजिनाची अ‍ॅम्बेसिडर असेल, तर परिवहन कार्यालयाचे मत घेऊन कंपनीच्याच एमपीएफआय संचाचा विचार करावा.

४. पद्मिनीसारख्या गाडीला इंजेक्शन हवेच असेल, तर लहान इंजेक्टरसह स्वतः जुळवायचा ईसीयू घ्यावा. मात्र तो बसवणारी आणि पुढे सांभाळणारी व्यक्ती आधी निश्चित करावी.

५. आयात केलेली थ्रॉटल बॉडी ही मोठ्या, सहा किंवा आठ सिलिंडरच्या जुन्या गाड्यांसाठीच राखून ठेवावी. तिचे काम तेथे चोख होते.

६. काढलेला कार्बोरेटर, मॅनिफोल्ड आणि यांत्रिक पंप जपून ठेवावेत. यंत्रणा काही महिन्यांनी नादुरुस्त झाली, तर गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याचा तोच खात्रीचा मार्ग असतो.